दारावरच्या पाटीपासून गच्चीवरच्या फलकापर्यंत : निवासी वस्तीतील पाट्यांचे नियम

निवासी भागात घराच्या दारावर नावाची पाटी किती मोठी असावी, हे महाराष्ट्रात नियमाने ठरलेले आहे. एका घराला एक पाटी, आणि तिचे क्षेत्रफळ ०.१ चौरस मीटरपेक्षा जास्त नाही. म्हणजे ४० सेंटिमीटर लांब आणि २५ सेंटिमीटर उंच, वहीच्या उघड्या जोडपानाएवढी. मुंबई वगळता राज्यातल्या बहुतेक शहरांना २०२० च्या अखेरीस लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत ही तरतूद आहे. त्याआधी ती अनेक महापालिकांच्या स्वतंत्र नियमावल्यांत जवळजवळ याच शब्दांत होती. घर बांधताना सामासिक अंतर, चटईक्षेत्र यांची चौकशी सगळेच करतात. पाटीचेही माप असते, हे वास्तुविशारद आणि महापालिकेचे अधिकारी सोडले तर फारसे कोणाला माहीत नसते.

याच तरतुदीत पुढे आणखी काही मापे आहेत. निवासी विभागात परवानगी असलेल्या इतर वापरांसाठी, उदाहरणार्थ शाळा किंवा दवाखान्यासाठी, एक ओळख-फलक किंवा सूचनाफलक लावता येतो. त्याचे क्षेत्रफळ १० चौरस मीटरपर्यंत आणि उंची दीड मीटरपर्यंत. ‘विकणे आहे’, ‘भाड्याने देणे आहे’ या पाट्यांना २ चौरस मीटरची मर्यादा आहे आणि जी जागा विकायची किंवा भाड्याने द्यायची तिच्यावरच ती पाटी लागली पाहिजे. शेजारच्या चौकातल्या खांबावर लावलेली ‘वन बीएचके भाड्याने’ ही पाटी या नियमात बसत नाही. यांतली कोणतीही पाटी उघडझाप करणारी किंवा निऑनची नसावी आणि तिच्यावरचा दिवा ४० वॉटपेक्षा जास्त नसावा. ज्या रस्त्यांना दुकानांची रांग मान्य आहे अशा निवासी भागात भिंतीला समांतर, एक मीटर उंचीपर्यंतची व्यवसायाची पाटी चालते, पण तीही न लुकलुकणारी. निव्वळ व्यापारी विभागात लुकलुकणाऱ्या पाट्यांना मुभा आहे, मात्र त्या राहत्या इमारतींकडे तोंड करून नसाव्यात.

या नियमामागची दृष्टी चांगली आहे. राहत्या वस्तीत रात्री अंधार हवा, झोप हवी आणि भिंतींवर गलका नको, हे त्यात गृहीत धरलेले आहे. ४० वॉटची मर्यादा मात्र जुन्या पिवळ्या बल्बच्या काळातली आहे. तारेचा ४० वॉटचा बल्ब साधारण ४०० ल्युमेनच्या आसपास प्रकाश देई, म्हणजे पाटी वाचता येण्यापुरता. आजचा ४० वॉटचा एलईडी दिवा त्याच्या आठ-दहा पट प्रकाश फेकतो. समोरच्या पहिल्या मजल्यावर आजारी माणूस झोपलेला असेल तर नियम अक्षरशः पाळूनही त्याची झोप उडवता येते. कारण मोजली जाते ती वीज, उजेड मोजला जात नाही. ही मर्यादा वॉटऐवजी उजेडाच्या मापात लिहिली जाणे गरजेचे आहे.

मापांचे नियम एकीकडे आणि परवानगीचे नियम दुसरीकडे. परवानगीचे नियम महापालिकांच्या मूळ कायद्यांत आहेत. मुंबईला १८८८ च्या महापालिका अधिनियमाची कलमे ३२८ आणि ३२८-अ लागू होतात, तर इतर महापालिकांना १९४९ च्या अधिनियमाची कलमे २४४ आणि २४५. जाहिरात म्हणता येईल असे काहीही रस्त्यावरून दिसेल अशा जागी लावायचे तर आयुक्तांची लेखी परवानगी लागते. त्याला कायद्यानेच दिलेल्या सवलती आहेत. खिडकीच्या आतली पाटी, त्याच जागेत चालणाऱ्या धंद्याची पाटी, त्याच जागेच्या विक्रीची किंवा भाड्याची पाटी, जागेचे वा मालकाचे नाव सांगणारी पाटी यांना परवानगीची गरज नाही. सवलतीची अट अशी की पाटी प्रकाशित नसावी आणि आकाशचिन्हाच्या, म्हणजे आकाशाच्या पार्श्वभूमीवर उभ्या दिसणाऱ्या फलकाच्या, व्याख्येत बसणारी नसावी. त्यामुळे गल्लीतल्या शिवणकामवालीची रंगवलेली पत्र्याची पाटी परवानगीविना चालते. तिच्यामागे ट्यूबलाइट बसवली की परवानगीचा प्रश्न उभा राहतो.

दारातून बाहेर पडले की संस्थेची हद्द सुरू होते. सहकारी गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी संस्थेने आपला नामफलक दर्शनी जागी लावावा असे सांगतात. संस्थेच्या सभांच्या नोटिसा, लेखापरीक्षणाची आणि निवडणुकीची माहिती सूचनाफलकावर लागणे हा सभासदांचा हक्क आहे. काचेच्या कुलूपबंद पेटीतला तो फलक म्हणजे संस्थेच्या कारभारात सभासदाने डोकवायची खिडकी. कित्येक इमारतींत तिथे दोन वर्षांपूर्वीची पाणीकपातीची नोटीस पिवळी पडलेली दिसते आणि वार्षिक सभेची सूचना मात्र कुठेच सापडत नाही.

सदनिकेबाहेरची भिंत, जिना, गच्ची आणि कुंपण ही संस्थेची सामाईक मालमत्ता आहे. सभासदाला तिथे शिकवणीची किंवा दवाखान्याची पाटी लावायची तर संस्थेची परवानगी घ्यावी लागते आणि महापालिकेचे नियम त्याहून वेगळे लागू राहतात. राहत्या घराच्या काही भागात डॉक्टर, वकील, सनदी लेखापाल यांना व्यवसाय करू देण्याची पद्धत विकास नियमांनी मान्य केलेली आहे. वाद होतो तो बहुधा पाटीवरून. दवाखाना दिसला नाही तर रुग्ण येत नाहीत, आणि पाटी मोठी झाली तर जिना बाजाराचा वाटतो, असे शेजाऱ्यांचे म्हणणे. सर्वसाधारण सभेने सगळ्यांसाठी एकच माप आणि एकच जागा ठरवली, उदाहरणार्थ तळमजल्यावर सर्व व्यावसायिकांची एक सामाईक पाटी, तर हा वाद मिटतो. व्यक्ती पाहून परवानगी देण्यातून तो वाढत जातो.

लिफ्टशेजारी लावलेल्या पाट्यांबद्दल स्पष्ट बोलायला हवे. ‘घरकाम करणाऱ्यांनी व सामान पोहोचवणाऱ्यांनी ही लिफ्ट वापरू नये’ असा मजकूर अनेक उंच इमारतींत पितळी किंवा अॅक्रिलिकच्या पाटीवर कोरलेला असतो. जड सामानासाठी वेगळी लिफ्ट ठेवणे ही व्यवस्था झाली. माणसाच्या कामावरून त्याला वेगळ्या दाराने पाठवणे हा अपमान आहे, आणि सभेचा ठराव झाला म्हणून तो कमी होत नाही. भाड्याच्या जाहिरातीत खाणे, धर्म किंवा जात पाहून घर नाकारणारे शब्द येतात, त्यांचीही गोष्ट तीच. घटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाने दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, रस्ते यांच्या बाबतीत भेदाला मनाई केली. खासगी घरमालकाच्या निवडीला थेट रोखणारा सर्वसाधारण कायदा मात्र देशात नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये झोरोस्ट्रियन गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सभासदत्व एका समाजापुरते ठेवणारा उपविधी वैध ठरवला. पाट्यांच्या मापांवर इतके बारकाईने लिहिणाऱ्या नियमांत या मजकुराबद्दल एक ओळ नाही, ही मोठी उणीव आहे.

फाटकाबाहेरच्या पाट्यांत सर्वाधिक आढळते ती वाहनांबद्दलची. ‘गेटसमोर वाहन लावू नये, अन्यथा हवा सोडली जाईल’ हा मजकूर पुण्यापासून डोंबिवलीपर्यंत सारखाच. रहदारीची अधिकृत चिन्हे लावण्याचा अधिकार मोटार वाहन कायद्यानुसार सरकारने अधिकार दिलेल्या यंत्रणेलाच आहे. खासगी ‘नो पार्किंग’ पाटीमुळे सार्वजनिक रस्त्याचा तुकडा घरमालकाचा होत नाही. दुसऱ्याच्या फाटकाची वाट अडवून गाडी लावणे चूक आहे आणि त्याची तक्रार वाहतूक पोलिसांकडे करता येते. हवा सोडण्याचा अधिकार कोणताच कायदा कोणाला देत नाही. असाच गोंधळ ‘खासगी रस्ता’ या पाटीचा आहे. रेखांकनातला अंतर्गत रस्ता महापालिकेच्या ताब्यात गेला की तो सार्वजनिक होतो. त्यानंतर तिथे लावलेल्या ‘बाहेरच्यांना प्रवेश बंद’ किंवा ‘फेरीवाल्यांना मनाई’ या फलकाला विनंतीपेक्षा जास्त वजन नसते. भाजीवाल्याला कोणत्या रस्त्यावर बसता येणार नाही, हे २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने ठरवून दिलेल्या रीतीने ठरते, रहिवाशांच्या पाटीने नाही.

नव्या बांधकामाच्या पत्र्याच्या कुंपणावरची पाटी ही वस्तीतली सर्वांत उपयोगी पाटी म्हणावी लागेल, कारण शेजाऱ्यांना प्रश्न विचारता येतो तो तिच्याच आधारे. भूखंडाचा तपशील, मालक, वास्तुविशारद, बांधकाम परवानगीचा क्रमांक आणि तारीख अशी माहिती तिच्यावर असावी लागते. विक्रीची जाहिरात असेल तर स्थावर संपदा कायद्याप्रमाणे महारेरा या नियामक प्राधिकरणाचा नोंदणी क्रमांक आणि संकेतस्थळाचा पत्ता हवा. १ ऑगस्ट २०२३ पासून महारेराने जाहिरातीत क्यूआर कोडही सक्तीचा केला आणि तो नसल्यास ५० हजार रुपयांपर्यंत दंड ठेवला. फोन समोर धरला की प्रकल्पाची नोंद उघडते. घर घेणाऱ्याला त्याचा मोठा आधार झाला आहे.

दुकानांच्या पाट्यांचा प्रश्न भाषेशी जोडलेला आहे. १९४८ च्या जुन्या दुकाने व आस्थापना कायद्याखालच्या नियमांत मराठी पाटीची सक्ती होतीच. २०१७ चा नवा कायदा मुख्यतः दहा किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना लागू झाला आणि गल्लीतले किराणा दुकान, इस्त्रीवाला, केशकर्तनालय या सक्तीतून सुटले. २०२२ मध्ये कायदा दुरुस्त करून छोट्या आस्थापनांनाही हे बंधन घालण्यात आले. नाव देवनागरी लिपीत मराठीत हवे आणि मराठी अक्षरे इतर भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान असता कामा नयेत. जिथे मद्य दिले जाते त्या जागेला थोर पुरुषांची किंवा गडकिल्ल्यांची नावे देता येणार नाहीत, अशी तरतूदही त्यात आहे. व्यापाऱ्यांच्या संघटनेची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये फेटाळली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा २५ सप्टेंबर २०२३ रोजी न्यायालयाने पाट्या बदलण्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली.

हा नियम योग्य आहे, आणि भावनेपेक्षा वापराच्या कारणाने जास्त योग्य आहे. औषधाचे दुकान कोणते, रक्त तपासायची जागा कोणती, हे फक्त मराठी वाचता येणाऱ्या आजीला स्वतः वाचता आले पाहिजे. मात्र कित्येक पाट्यांवर इंग्रजी नाव जसेच्या तसे देवनागरीत उतरवलेले दिसते. ‘फॅमिली हेअर अँड ब्युटी स्टुडिओ’ असे देवनागरीत लिहिल्याने लिपीची अट पूर्ण होते, मराठी शब्द मात्र पाटीवर येत नाही. अक्षरे किती मोठी असावीत ते नियम सांगतो. ती शुद्ध असावीत, याबद्दल तो काही बोलत नाही.

आता चौक. महाराष्ट्रातल्या निवासी भागांचे सर्वाधिक विद्रूपीकरण इथे होते. कोणत्याही चौकातला विजेचा खांब जवळून पाहावा. डोक्याच्या उंचीपासून वर बाइंडिंग तारेचे वेढेच वेढे, काही गंजलेले, काही नवे. सुतळीच्या गाठीत अडकलेले फ्लेक्सचे कोपरे, ज्यांचा मधला भाग कोणीतरी ब्लेडने कापून नेला आहे. त्यावर लाकडी पट्ट्यांची चौकट, आणि चौकटीत वाढदिवसाच्या शुभेच्छा. मधोमध एक मोठा चेहरा, खाली पाच-सहा ओळींत शुभेच्छुकांचे छोटे छोटे चेहरे. नव्या फ्लेक्सच्या काठाखालून जुन्याची कड दिसते, तो श्रद्धांजलीचा. खांबावरचा रस्त्याच्या नावाचा निळा फलक या सगळ्याच्या मागे गेलेला असतो आणि पत्ता शोधणारा कुरिअरवाला खाली उभा राहून फोनवर विचारत असतो.

याविरुद्धचा कायदा १९९५ चा आहे : महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध अधिनियम. परवानगीशिवाय लोकांच्या नजरेस पडणाऱ्या जागेचे विद्रूपण केले तर तीन महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दंडाची ही रक्कम १९९५ ची आहे. साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०१७ रोजी सविस्तर निकाल दिला. बेकायदा फलक काढा, गुन्हे नोंदवा, नागरिकांना तक्रार करायला सोपी सोय द्या, अशा सूचना त्यात महापालिकांना होत्या. त्यानंतरही न्यायालयाला याच विषयावर वारंवार विचारणा करावी लागली. अंमलबजावणी अडते ती फलकावर ज्याचा चेहरा आहे त्याच्यापाशी. फलक काढायला येणारा पालिकेचा बिगारी आणि फलकावरचा नगरसेवक किंवा त्याचा कार्यकर्ता यांच्यात कोणाचे चालते, हे प्रत्येक वस्तीला ठाऊक आहे. म्हणून गुन्हा अनेकदा ‘अज्ञात व्यक्ती’वर नोंदला जातो, फलकावर दहा जणांची नावे छापलेली असतानाही. नियम बदलायचा तर इथे बदलावा. ज्याच्या नावाने शुभेच्छा आणि ज्यांची नावे शुभेच्छुक म्हणून, त्यांना जबाबदार धरावे आणि छापणाऱ्याने परवानगीचा क्रमांक पाहिल्याशिवाय फ्लेक्स छापू नये.

निवडणुकीच्या काळात हेच चौक दोन दिवसांत रिकामे होतात. आचारसंहिता लागली की खासगी भिंतीवर झेंडा किंवा फलक लावायला मालकाची परवानगी लागते. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२७-अ कलमाने प्रचारपत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचे नाव छापणे बंधनकारक आहे. वर्षभर न जमणारे काम तेव्हा जमते, याचा अर्थ माणसे आणि गाड्या पालिकेकडे असतात.

झाडांवर पाट्या ठोकण्याचा प्रकार वेगळा मोजायला हवा. ‘घरगुती डबे मिळतील’, ‘इंग्रजी बोलायला शिका’ या पाट्या तीन इंची खिळ्यांनी पिंपळाच्या, गुलमोहराच्या खोडात जातात. सालीखालच्या ज्या थरातून झाडाचे अन्न खाली उतरते त्याला इजा होते आणि जखमेतून बुरशी शिरते. पाटी गळून पडते, खिळा साल वाढून आत गाडला जातो. पुण्यात आणि इतर शहरांत तरुणांनी रविवारी सकाळी पक्कड आणि हातोडी घेऊन ‘खिळेमुक्त झाडे’ मोहिमा चालवल्या आहेत.

गच्चीकडे आले की विषय सुरक्षेचा होतो. महापालिका कायद्यांतला ‘आकाशचिन्ह’ हा शब्द नेमका आहे. इमारतीवर किंवा जमिनीवर खांबाच्या, चौकटीच्या आधाराने उभा केलेला आणि रस्त्यावरून पाहता आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसणारा फलक म्हणजे आकाशचिन्ह. जाहिरातीसाठी सोडलेला फुगाही त्यात येतो. त्याची परवानगी एका वेळी दोन वर्षांपेक्षा जास्त मुदतीची देता येत नाही. पुणे महापालिकेत यासाठीच्या विभागाचे नावच ‘आकाशचिन्ह व परवाना विभाग’ आहे. राज्यातल्या महापालिकांसाठी यावर २००३ मध्ये आणि नंतर २०२२ मध्ये स्वतंत्र नियम झाले.

जुन्या चार मजली इमारतीच्या संस्थेला गच्ची जाहिरातीला देण्याचा मोह का होतो, हे समजण्यासारखे आहे. प्लॅस्टर, रंग, पाण्याची टाकी यांचा खर्च सभासदांच्या वर्गणीतून निघत नाही. पण लोखंडी सांगाड्याचे बोल्ट गच्चीच्या जलरोधक थरातून स्लॅबमध्ये जातात आणि पहिल्याच पावसात वरच्या मजल्यावरच्या छताला ओल येते. खरा भार वाऱ्याचा. फलक म्हणजे उभे शीड. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, आणि तो सगळा सांगाड्यातून जुन्या कठड्यावर येतो.

हा हिशेब चुकल्याची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. पुण्यात ऑक्टोबर २०१८ मध्ये रेल्वेच्या जागेतला फलक काढताना सांगाडा चौकात थांबलेल्या वाहनांवर कोसळला आणि चार जण गेले. एप्रिल २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडमधील किवळे येथे पावसापासून आडोशाला थांबलेल्या माणसांवर फलक पडला आणि पाच जण मृत्युमुखी पडले. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरच्या पेट्रोल पंपावर सुमारे १२० बाय १२० फुटांचा फलक कोसळून १७ जणांचा बळी गेला. मुंबई महापालिकेची कमाल मर्यादा ४० बाय ४० फूट, म्हणजे १६०० चौरस फूट होती. पडलेला फलक १४,४०० चौरस फुटांचा, नऊपट. त्याला महापालिकेची परवानगी नव्हती. जागा लोहमार्ग पोलिसांच्या ताब्यातली असल्याने ती लागत नाही, असा समज पुढे केला गेला. महापालिका कायद्यात रेल्वेच्या जाहिरातींना जी सवलत आहे तीतही रस्त्याकडे तोंड असलेला पृष्ठभाग वगळलेला आहे. वाऱ्याला जमीन कोणाची हे कळत नसते, म्हणून संरचनेच्या सुरक्षिततेचा नियम रेल्वे, पोलीस, बंदर, खासगी मालक सगळ्यांना सारखाच लागला पाहिजे. घाटकोपरनंतर निवृत्त मुख्य न्यायमूर्ती दिलीप भोसले यांच्या समितीने ४० बाय ४० फुटांची मर्यादा सर्वांना लागू करावी आणि इमारतींच्या गच्च्यांवर व कुंपणभिंतींवर फलकांना परवानगी देऊ नये, अशा शिफारशी केल्या.

उरतात त्या सरकारने स्वतः लावलेल्या पाट्या, वस्त्यांच्या आणि गल्ल्यांच्या नावांच्या. गावोगावी ‘महारवाडा’, ‘मांगवाडा’, ‘ब्राह्मणवाडा’, ‘चांभारगल्ली’ अशी नावे रंगवलेल्या पाट्या पिढ्यान्‌पिढ्या उभ्या होत्या. तिथे राहणाऱ्या मुलाला शाळेच्या अर्जात पत्ता लिहिताना दरवेळी आपली जात लिहावी लागे. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने जातिवाचक नावे बदलून त्याऐवजी समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. पाटी रंगवायला एक दिवस पुरतो. रेशनकार्ड, वीजबिल, मतदारयादी, आधार आणि घरपट्टीच्या उताऱ्यावरचा पत्ता वेगवेगळ्या खात्यांकडे असतो, आणि प्रत्येकाने तो आपापल्या नोंदीत बदलावा लागतो. जिथे तसे झाले नाही तिथे कमानीवर नवे नाव आणि बिलावर जुने, अशी दोन्ही नावे चालू राहतात, आणि पोस्टमन पत्र देताना जुनेच नाव वाचतो.